गाडी पडू द्यायची होती

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "मोडतोडीचा विमा घेतलास की नाही?" आणि मी "बघतेय" म्हणून विषय बदलला. आई, तू काहीच विचारलं नाहीस. तुझा प्रश्न वेगळा असतो आणि तो मला पाठ आहे. खरं सांगायचं तर विमान घेऊन सात महिने झाले आणि हे सगळे महिने मी ते फक्त थर्ड पार्टीवर उडवलं. परवा एकदाचा निर्णय घेतला. फोनवर सांगितला असता तर बाबांनी मधेच "हप्ता किती?" विचारलं असतं आणि बाकीचं राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र.

थर्ड पार्टीबद्दल आपल्यात वाद नाहीच. माझ्या हातून दुसऱ्याच्या माणसाला, घराला, विमानाला काही झालं तर भरपाईचा आकडा कुठे जाऊन थांबेल हे कुणी सांगू शकत नाही. तो विमा विमान ताब्यात येण्याच्या आदल्या दिवशीच उतरवला होता. घोडं अडलं होतं ते माझ्या स्वतःच्या विमानाच्या विम्यावर. या धंद्यात त्याला 'हल' म्हणतात. शब्द जहाजाच्या सांगाड्यावरून आलाय, कारण विमानांचा विमा सुरू केला तो जहाजांचे विमे उतरवणाऱ्यांनीच. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: विमानाची पहिली पॉलिसी लंडनच्या लॉइड्स या विमा-बाजारात १९११ साली लिहिली गेली. पुढच्याच वर्षी एका हवाई मेळाव्यात हवा बिघडली, विमानं कोसळली, आणि मंडळींनी हात पोळल्यावर तो धंदा काही काळ बंदच ठेवला. म्हणजे हप्ता जास्त वाटतो ही माझी तक्रार, तर हप्ता पुरत नाही ही त्यांची, आणि दोन्ही शंभर वर्षांपूर्वीच्या.

आता तुमचा नियम. "जे गेलं तर आपण उठूच शकणार नाही, त्याचाच विमा काढावा. बाकीच्याचा हप्ता स्वतःलाच भरावा." घराचा विमा होता, तुमच्या आयुष्याचा होता, आणि स्कूटरला फक्त थर्ड पार्टी. मी तोच नियम लावला. तुमच्यासारखीच वही घेतली, रेघा मारल्या. मला सांगितलेला हप्ता विमानाच्या किमतीच्या शेकडा दोनच्या आसपास होता. म्हणजे पन्नास वर्षं भरला तर एक अख्खं विमान. पन्नास वर्षांनी मी ९६ ची असेन. तेवढ्या काळात विमान पूर्ण मोडीत निघण्याची वेळ एकदा तरी येईल का? आली नाही तर मी जिंकले. शिवाय त्याच पैशात दरवर्षी कितीतरी तासांचं पेट्रोल येतं, आणि जास्त तास उडणाऱ्याच्या हातून चुका कमी होतात. हा शेवटचा मुद्दा मला अजूनही पटतो. तो मी खोडलेला नाही, फक्त बाजूला ठेवलाय.

वहीतली पहिली चूक मेकॅनिकनं दाखवली. मी धरून चालले होते की नुकसान एक तर किरकोळ असतं, नाही तर सगळंच जातं. किरकोळ ते खिशातून भरायचं आणि सगळं जाणं दुर्मीळ. त्यानं हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, कोपऱ्यातला एक पंखा दाखवला. प्रोपेलरची दोन्ही टोकं मागे वळलेली, चमच्यासारखी. वैमानिकाला खरचटलंही नव्हतं. उतरताना विमान जरा उसळलं, दुसऱ्यांदा टेकताना नाक आधी टेकलं, पुढचं चाक दबलं आणि फिरता पंखा जमिनीला लागला. बस, एवढंच. पण फिरतं इंजिन असं झटक्यात अडलं की तो धक्का आतल्या क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत, पोहोचतो. वरून काहीही दिसत नाही, इंजिन पुन्हा सुरूही होतं. तरी माझ्या विमानाचं इंजिन बनवणारी लायकॉमिंग कंपनी सांगते की पंखा असा आपटला तर इंजिन उघडून तपासायचंच. म्हणजे इंजिन उतरवायचं, पूर्ण सोडवायचं, एकेका भागात तडा शोधायचा आणि परत जुळवायचं. नवा पंखा वेगळा. त्यानं हिशेब सांगितला तो माझ्या विमानाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळ जात होता.

आणि ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. लहान विमानांचा पत्रा सगळ्यात जास्त वाकतो तो उतरताना. माणसं सहसा त्यातून चालत बाहेर येतात, म्हणून बातमी होत नाही.

माझं विमान सेस्ना १७२ आहे, १९७८ सालचं, हे तुम्हाला माहीत आहेच. १९५६ पासून या जातीची चव्वेचाळीस हजारांहून जास्त विमानं बनली, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि हात बसलेले मेकॅनिकही मिळतात. चाकं पोटात घेणारं विमान असतं तर हप्ता आणखी चढला असता, कारण त्यात चाकं बाहेर काढायला विसरून पोटावर उतरणारे दरवर्षी निघतात. एवढी विसराळू मी नाही असं म्हणणार होते, पण आई, गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी मी तुझीच मुलगी.

मधला एक रस्ता होता, तोही तपासला. फक्त उभ्या विमानाचा विमा: वादळ, गारा, चोरी, शेजारच्यानं त्याचं विमान वळवताना माझ्या पंखावर घातलं, असलं सगळं. त्याच्या वर जमिनीवर चालतानाचा विमा. दोन्ही स्वस्त. पण उड्डाणासाठी धावपट्टीवर धाव सुरू झाली की ते 'उड्डाण' धरतात, आणि उतरल्यावर धाव संपेपर्यंत उड्डाणच चालू असतं. म्हणजे ज्या वीस सेकंदांची मला भीती, तीच त्यातून वगळलेली. विमान महिनोन्‌महिने दुरुस्तीसाठी उभं असेल तर हा विमा ठीक.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी, कारण इथे मी जवळजवळ फसले होते. विमानाच्या पॉलिसीत किंमत आधीच ठरवून लिहितात. विमान पूर्ण गेलं तर तोच आकडा मिळतो, घासाघीस नाही. मला वाटलं, आकडा थोडा कमी लिहू, हप्ता वाचेल. एजंट काही बोलला नाही. मेकॅनिक हसला. तो म्हणाला, "कमी लिहिलंत तर विमान हातचं जाईल." दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराची किंमत मिळून लिहिलेल्या रकमेच्या वर गेली की कंपनी ती रक्कम हातावर ठेवते आणि विमान घेऊन जाते. सहज दुरुस्त होणारं विमान असं भंगारात निघतं, आणि मिळालेल्या पैशात तसं दुसरं येत नाही. उलट, आकडा फुगवून लिहिला तर जे सोडून द्यायला हवं तेही कंपनी दुरुस्तच करत बसते, वर्षभर विमान हँगरमध्ये आणि नंतर विकायला जावं तर लॉगबुकातली, म्हणजे विमानाच्या नोंदवहीतली, ती नोंद बघून गिऱ्हाईक परत. म्हणून आजच्या बाजारात असं विमान घ्यायला जे लागेल तेच लिहिलं. नवा रेडिओ बसवला की आकडा वाढवून घ्यायचा, हे कॅलेंडरवर टाकून ठेवलंय.

अटी सगळ्या वाचल्या, बारीक अक्षरातल्याही. वार्षिक तपासणी चुकली किंवा माझ्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत संपली असताना उडाले तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मैत्रिणीला चालवायला दिलं आणि तिचे तास त्यांच्या अटीत बसत नसतील तर तेच. बसत असले आणि तिनं मोडलं, तर कंपनी मला पैसे देऊन वसुलीसाठी तिच्या दारात जाऊ शकते! हे वाचल्यापासून मी कुणाला विमान देत नाही. मैत्री टिकवायची तर एवढं वाईट व्हावंच लागतं. इंजिन आतून झिजून बंद पडलं तर इंजिनाचे पैसे नाहीत. पण त्यापायी शेतात उतरताना पंख मोडला तर पंखाचे मिळतात. माझ्या इंजिनाचे १,४०० तास झालेत आणि २,००० ला ते पूर्ण उघडायचं असतं, तो खर्च माझाच. प्रत्येक दाव्यात पहिली ठरावीक रक्कमही माझीच.

एवढं करूनही मी सही केली नव्हती. पन्नास वर्षांचा हिशेब मला सोडवत नव्हता. सही झाली ती गेल्या महिन्यातल्या एका सरावानंतर.

इन्स्ट्रक्टर शेजारी होते. उंचीवर असताना त्यांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढला आणि म्हणाले, "इंजिन गेलं. उतर." हे आम्ही नेहमी करतो. माझ्या विमानात अशा वेळी वेग ६५ नॉट (ताशी साधारण १२० किलोमीटर) धरायचा, म्हणजे ते सगळ्यात दूर तरंगत जातं. वारा नसेल तर हजार फुटांत साधारण पावणेतीन किलोमीटर. समोरच एक शेत होतं, लांब, मोकळं, नांगरलेलं. पलीकडे दूर धावपट्टी दिसत होती. मी धावपट्टीकडे वळले. थोड्या वेळानं कळलं की पोहोचत नाही, तर मी नाक वर केलं. नाक वर करून विमान दूर जात नाही, उलट आधी खाली येतं, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. वेग साठच्या खाली आला. आणखी उतरला असता तर पंखांनी हवा सोडली असती, म्हणजे विमान तोलून धरलंच नसतं. त्यांनी थ्रॉटल पुढे केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

खाली आल्यावर विचारलं, "शेत का सोडलंस?"

मी म्हटलं, "नांगरलेलं होतं. पुढचं चाक रुतून मोडलं असतं, पंखा वाकला असता."

"आणि तू?"

त्या शेतात मी नक्की वाचले असते. पण हवेत असताना माझ्या डोक्यात चाकाची किंमत, पंख्याची किंमत, इंजिन उघडायची किंमत, वहीतल्या रेघांसकट होती. वैमानिकांत एक म्हण आहे: इंजिन बंद पडलं त्या क्षणापासून विमान विमा कंपनीचं. मी ती अनेकदा ऐकून हसले होते. माझं विमान त्या क्षणी कंपनीचं होऊच शकत नव्हतं.

बाबा, तुम्ही म्हणाल, पैसे गेले असं मनाशी धरून उडायचं. मीही स्वतःला हेच सात महिने सांगत होते. पण तुम्हाला ती स्कूटर आठवते? पावसात वळणावर घसरायला लागली, वेग नव्हताच, सोडून बाजूला झाला असतात तर तिला ओरखडे आले असते, एवढंच. तुम्ही हँडल सोडलं नाही. स्कूटरचा आरसासुद्धा शाबूत राहिला आणि तुमचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. तुमची पँटची बटणंही लावून देत होती आई, आणि रोज एकच वाक्य म्हणायची, "गाडी पडू द्यायची होती." तुमच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तुम्हीही म्हणाला असतात की स्कूटरचे पैसे मी केव्हाच सोडलेत.

तर पूर्ण विमा घेतला, हवेतल्यासह. हप्ता भरला. त्यानंतरच्या सरावात इन्स्ट्रक्टरांनी पुन्हा थ्रॉटल ओढला तेव्हा मी जवळचं शेत धरलं. ते त्यांना आवडलं, माझा वळायचा कोन आवडला नाही.

आई, तुझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलंय. उरलेलं अर्धं असं, की आयुष्याच्या विम्याच्या अर्जात मी विमान चालवते हे खरं लिहिलं, म्हणून जास्त हप्ता भरते. लपवलं असतं तर वेळेला तुमच्या हाती काही आलं नसतं. आणि वारा आडवा असला तर मी जात नाही. गेल्या तीन रविवारी गेले नाही, विचार हवं तर हँगरमध्ये.

सोबत पॉलिसीची प्रत आणि लॉगबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पाठवतेय. बाबा, चष्मा लावून विमानाचा सीरियल नंबर आणि इंजिनाचा नंबर दोन्हीकडचे ताडून बघा. मला इंजिनाच्या नंबरात एका ठिकाणी ३ चा ८ झालाय असं वाटतंय, पण झेरॉक्स फिकट आहे. चूक असेल तर लगेच कळवा, पंधरा दिवसांत दुरुस्त करून मिळतं.

तुमची,
धाकटी