राजीनामा देण्याआधी

नागपूर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचा, चान्सनकार्ड, म्हणजे नोकरी शोधायचा परवाना, काढून जर्मनी गाठायची आणि तिथं जाऊन नोकरी शोधायची, असं तू ठरवून राहिली आहेस. जर्मनीला जा, अवश्य जा. राजीनामा मात्र इतक्यात देऊ नकोस.

1 जून 2024 पासून सुरू झालेलं हे कार्ड जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं आणि नोकरी मिळाली नाही म्हणून वाढवून मिळत नाही. तेवढ्या काळात आठवड्याला 20 तास काम करता येतं, पण वर्षभराचा खर्च आधी दाखवावा लागतो. 2025 चा हिशेब महिन्याला 1,091 युरो होता, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) 13,092 युरो. त्याउलट पुण्यात नोकरीवर असतानाच जर्मन कंपनीचा करार हाती आला, तर सरळ ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधरांच्या कामाच्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो आणि एवढी रक्कम अडकत नाही. त्यासाठी 2025 मध्ये वार्षिक पगार 48,300 युरो लागायचा. इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या कामांना 43,759.80. आकडे दर जानेवारीत बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी पुन्हा बघ. हा पगार कर वगैरे कापण्याआधीचा असतो हेही ध्यानात ठेव. एकट्या माणसाला 48,300 मधून महिन्याला साधारण 2,600 युरो हाती येतात.

म्हणून पहिले सहा महिने इथूनच अर्ज कर. नाहीच जमलं तर कार्ड आहेच.

दोन्ही वाटांवर पदवीची मान्यता पाहतात, ती आजच तपास. 'अनाबिन' या जर्मन सरकारी यादीत दोन गोष्टी पाहायच्या: विद्यापीठापुढे 'एच प्लस' (मान्यताप्राप्त) आहे का, आणि तुझी बी.ई. तिथल्या पदवीच्या तोडीची म्हणून नोंदलेली आहे का. कॉलेजचं नाव शोधत बसू नकोस. पदवी विद्यापीठानं दिली आहे, तेव्हा तेच शोध. दोन्ही सापडलं तर पानांची प्रिंट काढून ठेव. मग कार्डासाठी पात्रतेचे गुणही मोजावे लागत नाहीत. पदवी यादीत नसेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या 'झेडएबी' कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याची फी 208 युरो आहे, आणि कागद पूर्ण पोचल्यावरही काही महिने जाऊ शकतात. मुलींचं वर्ष वाया जातं ते बहुतेक इथंच, कारण हे काम तिथं उतरल्यावर सुरू करतात.

पूर्ण मान्यता नसेल तर कार्डासाठी सहा गुण लागतात. तुझे असे होतात: वय 35 च्या आत म्हणून 2, गेल्या पाच वर्षांत पदवीच्या क्षेत्रातल्या दोन वर्षांच्या अनुभवाचे 2, जर्मन भाषेच्या बी-1 पातळीचे 2. त्याखालच्या ए-2 वर थांबलीस तर एक गुण कमी पडेल. तो इंग्रजी सी-1 च्या प्रमाणपत्रानं भरता येतो, पण मला विचारशील तर बी-1 च कर. यंत्रं बनवणाऱ्या कितीतरी चांगल्या कंपन्या बर्लिनमध्ये नाहीत, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या लहान गावांत आहेत, आणि तिथं शॉप फ्लोअरवर जर्मनच चालतं.

आता अनुभवाचं पत्र. आपल्याकडे दोन ओळींत उरकतात: 'अमुक ते अमुक कालावधीत कार्यरत होत्या, वर्तणूक चांगली.' जर्मन मालकाला यातून काही कळत नाही. त्याला काम काय केलं ते सविस्तर हवं असतं. म्हणून नोकरीवर असतानाच एचआरकडून लिहून घे: कोणत्या सीएनसी मशीन, कोणतं कॅड सॉफ्टवेअर, हाताखाली किती माणसं, कोणत्या पार्टचं रिजेक्शन किती होतं आणि किती झालं. राजीनाम्यानंतर हे पत्र मिळवायला खेटे घालावे लागतात.

सीव्ही दोन पानांचा, नवीन नोकरी वर, प्रत्येक नोंदीला महिना आणि वर्ष. मध्ये सहा महिने रिकामे असतील तर काय केलंस ते लिही; मोकळी जागा पाहून ते थबकतात. वडिलांचं नाव, जात, लग्न हे काही नको. पदवी 'बी.ई.' अशीच लिही. 'इंगेनिअर' ही तिथं कायद्यानं राखलेली उपाधी आहे. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठं आईचं नाव, असा घोळ असेल तर नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून घे.

जाहिरातीत 'बेफ्रिस्टेट' म्हणजे मुदतीचा करार, 'उनबेफ्रिस्टेट' म्हणजे कायम. 'त्साइटआर्बाइट' दिसलं तर सोड. मजूर पुरवणाऱ्या एजन्सीच्या नोकरीवर परवान्याला अडचण येते. करारासाठी कुणी पैसे मागितले तर तिथंच थांब. कंपनी खरी आहे का, हे जर्मन व्यापार नोंदणीत फुकट तपासता येतं. तिच्या वेबसाइटवर 'इम्प्रेसुम' (कंपनीच्या कायदेशीर माहितीचं) पान असायलाच हवं, नोंदणी क्रमांक तिथं मिळतो.

खोली घेताना एकच प्रश्न आधी विचार: पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालक लेखी देणार का? ती नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. ती नसेल तर कर क्रमांक येत नाही, पगाराचं काम अडतं. अनेक होस्टेलं ते पत्र देत नाहीत.

ट्रान्सक्रिप्ट मी इथं विद्यापीठातून काढून पाठवते. त्यासाठी सही केलेलं अधिकारपत्र, आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि आधारची प्रत या आठवड्यात कुरियर कर. अधिकारपत्रावर परीक्षेचे सीट नंबर आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष घाल, म्हणजे खिडकीवरून परत यावं लागणार नाही.

तुझी,
आई