सूचना : एसएटी देणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळातली अकरावी-बारावीची बरीच मुलं यंदा एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) देणार आहेत, म्हणून ही आठवण.

अमेरिकेत 2024 पासून ही परीक्षा पूर्ण डिजिटल आहे. ती ज्यात द्यायची ते ब्लूबुक अ‍ॅप लॅपटॉपवर आधीच टाकून ठेवा. परीक्षेच्या काही दिवस आधी त्यात 'एक्झाम सेटअप' पूर्ण केल्यावरच प्रवेशपत्र मिळतं, आणि नेमकं हेच काम शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेज बोर्डाकडून (परीक्षा घेणारी संस्था) उसना मिळतो, पण अर्ज महिनाभर आधी करावा लागतो. फोटो ओळखपत्र हातात हवं, फोनवरचं चालत नाही. चार्जरही सोबत द्या.

परीक्षा 2 तास 14 मिनिटांची. वाचन-लेखन आणि गणित, प्रत्येकाचे दोन टप्पे. पहिला टप्पा कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा सुरुवातीला घाई नको. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत; एकही प्रश्न कोरा सोडू नका. सराव ब्लूबुकमध्येच फुकट आहे. महागड्या क्लासला पैसे भरण्याआधी तो तरी संपवा!

"आता एसएटी लागत नाही" हे अर्धसत्य आहे. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ यांनी ती पुन्हा सक्तीची केली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेशासाठी गुण बघतच नाही. मुलांनी निवडलेल्या कॉलेजांची यादी घेऊन प्रत्येक कॉलेजचा नियम त्यांच्या संकेतस्थळावर तपासा.

सराव परीक्षेसाठी मुलांची नावं रविवारपर्यंत याच गटात कळवा.

– शिक्षण समिती