ट्रेनिंग मशीनपाशी द्या, हॉटेलच्या हॉलमध्ये नको

संपादक साहेब, नमस्कार.

मी बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, २२ वर्षं झाली. हल्ली एचआरवाले सगळीकडे सांगतात की वर्षातून एकदा ट्रेनिंग झालं म्हणजे संपलं असं नाही, रोज कामातच शिकत राहायचं आणि काम किती सुधारलं तेही बघायचं. मला हे मनापासून पटतं, म्हणूनच लिहायला बसलो, कारण प्रत्यक्षात होतंय भलतंच.

मागच्या उन्हाळ्यात आम्हाला दोन दिवस एका हॉटेलात नेलं. एसी हॉल, पीपीटी, बेअरिंग कसं बसवायचं त्याचे फोटो, शेवटी फॉर्म, सगळ्यांनी 'उत्तम'वर टिक केली आणि सर्टिफिकेट घेऊन घरी. तीन आठवड्यांनी बघतो तर त्याच बॅचमधला एक पोट्टा मोटरच्या शाफ्टवर बेअरिंग हातोडीने ठोकतोय, तेही बाहेरच्या रिंगवर! असं ठोकलं की सगळा मार बॉलमधून जातो, रेसवर, म्हणजे बॉल फिरतात त्या खाचेवर, बारीक खड्डे पडतात, ते दिसत नाहीत पण पुढे मोटर आवाज करायला लागते आणि एक दिवस ऐन शिफ्टमध्ये लाईन बंद. मी त्याच्यावर ओरडलो नाही. बेअरिंग गरम करायचा इंडक्शन हीटर स्टोअरमध्ये कुलपात होता, त्याला कोणी कधी हात लावू दिलाच नव्हता तर तो तरी काय करेल.

हर्मन एबिंगहॉस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं परत उजळलं नाही तर त्यातलं बरंचसं एका दिवसातच जातं. आणि डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या, लोकांना आवडलं का, समजलं का, कामाची पद्धत बदलली का, आणि त्यातून फरक काय पडला. आमचा फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो.

त्यानंतर मी शिफ्टच्या सुरुवातीला १० मिनिटं मशीनपाशीच शिकवायला लागलो. टीपीएममध्ये, म्हणजे मशीन बंद पडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून देखभाल करायच्या पद्धतीत, याला वन पॉइंट लेसन म्हणतात, एक कागद आणि एकच मुद्दा. पहिल्या दिवशी हीटर बाहेर काढला, बेअरिंग ११० डिग्रीपर्यंत गरम केलं, हातमोजे घालून शाफ्टवर सरकवलं, हातोडी लागलीच नाही, आणि थंड होऊन धरेपर्यंत तसंच दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच पोट्ट्याकडून करून घेतलं, पुढच्या आठवड्यात त्यालाच बाकीच्यांना दाखवायला लावलं. आता बेअरिंग बदलायचं असलं की पोरं त्यालाच हाक मारतात.

कामावर शिकणं आपल्याकडे काही नवीन नाही, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. पण ॲप्रेंटिसशिप संपली की शिकवणंही संपतं, आणि कंत्राटावरच्या पोरांना तर आमच्याकडे त्या हॉटेलातही नेलं नव्हतं, मशीनवर मात्र तीच जास्त असतात.

म्हणून नागपूरच्या कारखानदारांना कळकळीची विनंती आहे, सुपरवायझरची ती १० मिनिटं प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून वजा करा, आज ती आम्ही चहाच्या सुट्टीतून काढतो. कंत्राटवाल्यांनाही त्यात उभं करा. तीन महिन्यांनी हजेरीपट मागण्यापेक्षा त्याच मोटरचं बेअरिंग परत किती वेळा गेलं ते विचारा. आणि हीटरची चावी शिफ्टच्या माणसाकडे द्या, रात्री दोनला स्टोअर बंद असतं.

एक मेंटेनन्स सुपरवायझर, नागपूर