जीपला ‘मिलिटरी हिरवा’ देण्याआधी

महोदय,
वडिलांची १९९१ची महिंद्रा जीप मी दिवाळीच्या सुट्टीत अंगणातच रंगवली. पॉलिश पेपरने पत्रा घासताना मडगार्डच्या कडेला बोट जाईल एवढं गंजाचं भोक निघालं. ते वेल्डिंगवाल्याकडून बुजवून घेतलं, वर रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. रंगाच्या दुकानात मात्र ‘जीपला मिलिटरी हिरवाच शोभतो’ म्हणत डबा पुढे केला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. मी मूळचा पांढराच दिला. दुसरा कुठलाही दिला असता तर आरसी बुकात बदल नोंदवावा लागला असता. दुकानदारांनी हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं, आणि आरटीओने तसा ठळक फलक लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जुन्नर