भोलूबद्दल, आणि कापशीच्या आंघोळीबद्दल

अकोटा, वडोदरा
१० नोव्हेंबर २०२४

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या रात्री तू लोखंडी पेटी उघडलीस आणि विचारलंस, "आई, भोलू कुठे गं?" मी "पुरात गेला" म्हणाले आणि दूध उतू जाईल म्हणून आत निघून गेले. तू पुढे काही विचारलं नाहीस. पण ते अर्धंच खरं होतं. तुझा लहानपणचा खेळण्यातला भोलू वाहून गेला नाही. मीच त्याला कचऱ्याच्या गाडीत टाकला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

गोकुळाष्टमीला पावसाने जो जोर धरला तो तुला ठाऊक आहेच. वरून पाऊस, त्यात आजव्याच्या धरणाचं पाणी सोडलेलं. विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची खूण कधीच मागे टाकली होती. अकोट्यातल्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तूच बाबांना पाठवलास, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो आणि खाली आपल्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. पाणी उतरल्यावर पेटी उघडली. साड्या, चादरी सगळं कडकडीत पाण्यात साबण घालून दोन-दोनदा काढलं, गच्चीवर उन्हात टाकलं, वाचलं. भोलूलाही तसाच घेतला. वरून चांगला दिसायला लागला रे. तिसऱ्या दिवशी पोट दाबून बघितलं तर आतून तपकिरी पाणी आलं.

पुराचं पाणी म्हणजे नुसतं पावसाचं पाणी नसतं, त्यात गटारं मिसळलेली असतात. साडीतून ते निघतं, कारण साडीला आत-बाहेर नसतं. भोलूच्या पोटात जुना फोमचा चुरा होता, तो स्पंजासारखं सगळं धरून बसला होता. मी बगलेची शिवण उसवली. आत काळे ठिपके धरले होते, बुरशीचे. ओलं भरण दोन दिवस तसंच राहिलं की बुरशी धरतेच. म्हटलं, भरण काढून टाकू, कातडं उकळू, नवा कापूस भरू. पण कातडं पाण्यात चोळलं तर लव हाताला आली आणि मागचं कापड जाळीसारखं विरलं. १९९० साली मंगळबाजारातून घेतलेला तो. तुझी लेक रेवा आली की आधी तोंडाला लावणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी ठरवलं.

त्याचे दोन्ही डोळे मात्र काढून ठेवलेत. साबणाने धुऊन, ब्लीचच्या पाण्यात बुडवून, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढून. शिवणाच्या डब्यात आहेत, हुकांच्या पुडीशेजारी. तुला हवे असतील तर पाठवते. रेवाच्या हाती मात्र देऊ नकोस, ती अजून अडीच वर्षांची आहे आणि ते बरोबर घशात अडकतील एवढे आहेत.

भोलूची एक जुनी गोष्टही आज सांगून टाकते. १९९३ मध्ये तू बालवाडीत गेला होतास तेव्हा मी त्याला धुतला. तो इतका कळकट झाला होता की पाहुण्यांसमोर लाज वाटायची. तू दुपारी आलास तेव्हा तो दोरीवर, दोन्ही कानांना चिमटे लावून लटकत होता आणि पायांतून पाणी गळत होतं. तू तेव्हा रडला नाहीस. संध्याकाळी वाळल्यावर त्याला नाकाशी धरलंस आणि म्हणालास, "हा भोलू नाही." चार रात्री तू भिंतीकडे तोंड करून झोपलास, तो पायथ्याशी पडलेला. तुझ्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास त्याला पुन्हा लागला तेव्हा कुठे उशीवर आला. मला वाटलं होतं, मी मळ काढला. तुझ्या लेखी मी भोलूच काढून घेतला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं. शिवाय कानांना लटकवल्यामुळे ओल्या वजनाने शिवण सुटली आणि त्याचा डावा कान कायमचा लोंबला.

म्हणून नरकचतुर्दशीला रेवाच्या लाडक्या मऊ खेळण्याला, कापशीला, न्हाऊ घालायच्या आधी मी रेवाला विचारलं. तुम्ही झोपला होतात. सूनबाई सायलीनेच मला आदल्या रात्री सांगितलं होतं की रेवा रोज सकाळी उठल्या उठल्या सात-आठ शिंका देते, आणि डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी असेल म्हटलंय. मी रेवाला म्हटलं, आज सगळ्यांना अभ्यंगस्नान, मग कापशीला? तिने विचार केला आणि "तेल नको" म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मग तिने स्वतः बादलीत बसवलं, डोक्यावर तांब्याने पाणी घातलं, "डोळे मीट" म्हणून सांगितलं. वाळत ठेवल्यावर दोन तास गच्चीच्या दारात बसून होती. त्या रात्री तिने कापशीला बिनतक्रार कुशीत घेतलं.

त्या शिंकांचं कारण उशी, गादी आणि बाहुल्यांत राहणारे धुळीतले किडे. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. आपल्या कातडीचा जो कोंडा झडतो त्यावर जगतात. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात, म्हणून तुमच्या ठाण्याची दमट हवा त्यांना फार मानवते. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. थंड पाण्यात ती बरीचशी धुऊन जाते पण किडे जगतात. ते मरायला ६० अंशांचं पाणी लागतं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. कापशीच्या शेपटीजवळची पट्टी मी वाचली, तीवर ४० अंशच लिहिलंय. तेव्हा तुमच्याकडे असं करा: प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एक पूर्ण दिवस-रात्र फ्रीजरमध्ये ठेवा, त्याने किडे मरतात. मग धुवा, कारण मेलेले किडे आणि विष्ठा आतच असतात. फ्रीजरमध्ये नुसतं ठेवून काढलं तर अर्धंच काम झालं. खाण्याचा सोडा भुरभुरून झटकतात, त्याने वास जातो, बाकी काही नाही.

मशिनमध्ये टाकायचं तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, हलक्या फेरीवर लावा. साबण कमी, आणि वासाचं ते कंडिशनर अजिबात नको, शिंका देणाऱ्या मुलीला तो वासही बाधतो. तिचं ते गाणं म्हणणारं अस्वल मात्र पाण्यात घालू नका. पाठीची शिवण उसवून आतली गाण्याची पेटी निघाली तरच धुवा, नाहीतर ओल्या फडक्याने पुसा. पिळायचं नाही, जाड पंच्यात गुंडाळून दाबायचं. वाळत घालताना कान-पाय धरून लटकवू नका, जाळीवर आडवं ठेवा, मधूनमधून उलटा. वरची लव वाळली म्हणजे आतलं भरण वाळलं असं नव्हे. पोटाला कोरडा कागद दाबून बघायचा, ओल लागली तर आणखी एक ऊन. पूर्ण वाळल्यावर जुन्या मऊ ब्रशने लव उभी करा.

आणि एकाच दिवशी सगळी खेळणी धुवायला काढू नकोस. दोन-तीन जवळची असतात तेवढीच पलंगावर ठेवा, बाकीची झाकणाच्या डब्यात. नवीन घेताना आयएसआयची खूण बघत जा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे, तरी फुटपाथवर बिनखुणेची मिळतातच.

कापशीच्या गळ्याशी, डाव्या बाजूला, शिवण बोटभर सुटलीये. आतला पांढरा कापूस दिसतो. रेवा तिथे बोट घालते, मी दोनदा पाहिलं. इथे पांढरा दोराच मिळेना, पुरात रिळं गेली. मंगळबाजारातून आता आणलाय. पुढच्या महिन्यात आम्ही येतोय तेव्हा मी शिवून देईन. तोवर सायलीला म्हणावं, चार साधे टाके घालून ठेव, नंतर उसवता येतील. आणि घालताना रेवाला शेजारी बसव.

बाबांचा गुडघा बरा आहे. भोलूच्या डोळ्यांचं कळव.

तुझी,
आई