प्रत्येक बातमी ‘धक्कादायक’ कशी?

मा. संपादक, स.न.वि.वि.

लिहीन लिहीन म्हणत होते, पण परवा नातीमुळे राहवलंच नाही. कोशातून फुलपाखरू बाहेर येताना तिने बघितलं, डोळे एवढाले झाले, तोंडाचा आ झाला आणि मग म्हणाली, आजी मला शॉकच बसला! मला खरंच वाईट वाटलं. पाच वर्षांच्या पोरीला तिच्या आयुष्यातल्या एवढ्या सुंदर क्षणाला धक्क्याशिवाय दुसरा शब्दच मिळू नये?

आणि तो मिळणार तरी कुठून, आपल्या पेपरात खेळाडू लवकर बाद झाला तरी धक्कादायक, कोणी पक्ष बदलला तरी धक्कादायक, अपघात झाला तरी तेच. धक्का हा वाईट बातमीचा शब्द आहे हो. आश्चर्य मुळात चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी ज्या सहा मूळ भावना सांगितल्या त्यात राग, भीती, किळस, दुःख, आनंद यांच्या जोडीला आश्चर्य आहे, आणि ते सगळ्यात कमी टिकतं, क्षणात त्याचा आनंद होतो नाहीतर भीती होते. तुम्ही आधीच ‘धक्का’ लिहिलंत की काय वाटायला हवं ते वाचकाचं ठरूनच गेलं.

दचकणं तर अजून वेगळं. मोठा आवाज झाला की आपण दचकतो तेव्हा डोळे मिटतात, आश्चर्य वाटलं की उलट विस्फारतात, भुवया वर जातात. त्या भुवयांचंही आपण काय केलंय बघा, ‘अनेकांच्या भुवया उंचावल्या’ म्हणजे आता नाराजी किंवा संशय!

मराठीत केवढे शब्द आहेत. पटकन वाटतं ते आश्चर्य, काही सुचेनासं होतं तेव्हा माणूस थक्क होतो, बोलतीच बंद झाली तर अवाक, आणि रोजची नसलेली गोष्ट हातात आली की तिचं अप्रूप. विस्मय मात्र रेंगाळतो, म्हणूनच असेल, भरतमुनींनी नाट्यशास्त्रात तो अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी टिकून राहणारा भाव, मानला. आणि नवल, किती गोड शब्द, पण तो हल्ली ‘त्यात नवल ते काय’ एवढ्यापुरताच उरलाय, म्हणजे नवल नसतं तेव्हाच आठवतो.

सरप्राइजबद्दल माझी तक्रार नाही. सरप्राइज आपण देतो, ते कोणीतरी ठरवून केलेलं असतं. पण आश्चर्य देता येत नाही, ते आपल्याला वाटतं, आपोआप वाटतं. फुलपाखराने काही नातीला सरप्राइज दिलं नव्हतं.

तेव्हा एक विनंती, निदान महिनाभर तरी ‘धक्कादायक’ फक्त खरोखर वाईट बातमीला वापरून बघा, बाकीच्या ठिकाणी उपसंपादकांना दुसरा शब्द शोधायला लावा. मी रोज पेपर नातीला मोठ्याने वाचून दाखवते.

– एक नियमित वाचक