पाटी उतरवली तेव्हा सही माझीच होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही रंगीत मुंबई म्हणून पानभर फोटो छापलेत ते आवडले, कात्रण काढून फ्रिजवर लावलंय. फक्त एक गोष्ट खटकली. सगळेच्या सगळे फोटो बांद्र्याचे! चॅपल रोडच्या भिंती, रणवारची घरं, कॅफेच्या निळ्या खिडक्या. बांद्र्याशी माझं काही वाकडं नाही हो. रेक्लमेशनला एमटीएनएलच्या बिल्डिंगवर रणजित दहियानं २०१४ मध्ये काढलेले ते अवाढव्य दादासाहेब फाळके मीपण टॅक्सीतून मान वाकडी करकरून बघितलेत, भारीच आहेत. पण फाळक्यांचा पहिला पिक्चर लोकांसाठी लागला तो आमच्या गिरगावात, कोरोनेशन थिएटरात, ३ मे १९१३ ला. ते थिएटर आज शोधूनही सापडणार नाही. मग आम्ही गिरगावकर काय ब्लॅक अँड व्हाइटमध्ये राहतो का?

चिडून लिहीत नाहीये, म्हणजे थोडी चिडलेय, पण मुख्य राग स्वतःवर आहे, तो कसा ते सांगते.

माझी भाची नागपूरला आर्किटेक्चर शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, मावशी, मला गेटवे, मरिन ड्राइव्ह असलं टुरिस्टवालं काही नको, इथली माणसं बघतात तशी मुंबई दाखव. आता इथली माणसं मुंबई बघतात कुठे? मी ३१ वर्षं फोर्टात बँकेत नोकरी केली, चर्नी रोडला चढायचं, चर्चगेटला उतरायचं, पर्स छातीशी धरून मुंडी खाली घालून सुटायचं, मस्टरवर लाल शेरा पडू नये एवढंच ध्येय. मला फोर्टातले फुटपाथचे खड्डे पाठ आहेत, कुठली लादी पावसात पाणी उडवते तेही पाठ आहे, पण वर काय आहे विचाराल तर शून्य.

रविवारी सकाळी सातला निघालो, कारण फोर्ट बघायचा तर रविवारीच, एरवी माणसांशिवाय काही दिसत नाही. महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया ॲश्युरन्सची बिल्डिंग आहे, तिच्यासमोरून मी किती हजार वेळा गेले असेन. भाचीनं हाताला धरून थांबवलं, मावशी वर बघ. वर दगडात कोरलेली ही उंचच उंच माणसं. देवबिव नाहीत, राजेराणी नाहीत, कामाला जुंपलेली साधी माणसं. १९३६ ची इमारत, मास्टर, साठे आणि भुता या आर्किटेक्टांची, आणि शिल्पं एन. जी. पानसरे यांची. साठे, पानसरे! आपल्या शेजारपाजारची आडनावं आणि मला ३१ वर्षांत पत्ता नाही. मी तिथे नक्की काय करायचे आठवलं तर, दारासमोरच्या फेरीवाल्याकडून रुमाल घ्यायचे.

मग ओव्हलवर गेलो. ओव्हलचं मला एवढंच माहीत की तिथे क्रिकेट चालतं आणि डोक्यात बॉल बसू शकतो. पण मैदानाच्या मधोमध उभं राहून एकदा पूर्वेला तोंड करा आणि एकदा पश्चिमेला. पूर्वेला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळं टोकदार, चर्चसारखं, एकोणिसाव्या शतकातलं. पश्चिमेला एकदम वेगळं प्रकरण, गोल कोपरे, बोटीसारख्या बाल्कन्या, फिका पिवळा, फिका गुलाबी, पिस्ता. याला आर्ट डेको म्हणतात आणि दोन्ही बाजू मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्यात, ९४ इमारती आहेत म्हणे त्यात. भाचीनं सांगितलं की आरसीसी आल्यावर बाल्कनी खालच्या खांबाशिवाय नुसती बाहेर काढता यायला लागली म्हणून ते गोल कोपरे जमले, आणि खिडकीवरून भुवईसारखा फिरणारा छज्जा आहे ना तो नुसती फॅशन नाही, आपल्या पावसासाठी आणि उन्हासाठी आहे. इरॉस थिएटर पण त्याच घराण्यातलं, १९३८ चं. तिथे मी लग्नाआधी ह्यांच्याबरोबर पिक्चर बघितलेत, बिल्डिंग बघायला वेळ कुठला होता!

क्रॉफर्ड मार्केटचं तर हसूच आलं. तिथे वर्षानुवर्षं मी आंबे घासाघीस करून घेतलेत आणि आत शिरतानाच डोक्यावर कोरीव काम आहे, शेतकरी आहेत त्यात, १८६९ च्या सुमाराचं. शेजारच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक लॉकवुड किपलिंग यांनी केलेलं. (हो, त्या ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे वडील, मुलगा जेजेच्या आवारातच जन्मला.) पुढे व्हीटीच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, भिंतींवरची पानंफुलं आणि प्राणीसुद्धा जेजेच्याच विद्यार्थ्यांनी कोरली. आणि आपले फाळकेही जेजेचेच बरं का, १८८५ ला तिथे दाखल झालेले. म्हणजे या शहराला नटवणारी शाळा एकच, आणि ती माझ्या घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर.

हे सगळं झालं वारसा वगैरे, त्याला पाट्या आहेत, पुस्तकं आहेत, हेरिटेज वॉकवाले छत्र्या घेऊन फिरतात. खरी गंमत आणि खरा घोळ झाला तो परत गिरगावात आल्यावर.

खोताच्या वाडीतून घरी चाललो होतो. ती लाकडी घरं, बाहेरून जाणारे जिने, व्हरांडे, मधेच क्रॉस, ईस्ट इंडियन मंडळी पिढ्यानपिढ्या राहतात. (अनंताश्रम खाणावळ बंद होऊन जमाना झाला तरी लोक अजून पत्ता विचारतात, असो.) एक बाई व्हरांड्यात लसूण सोलत बसल्या होत्या, भाचीनं मोबाईल वर केला तशा त्या म्हणाल्या, बेटा घराचा काढ, माझा नको, दर रविवारी मी कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये जाते. बरोबर आहे ना? लोकांचं घर म्हणजे काय प्री-वेडिंगचा सेट आहे का. तुमच्या पुरवणीत फोटोखाली एक ओळ टाका की अशा गल्लीत विचारून फोटो काढा, आवाज कमी ठेवा.

तर घरी आलो आणि जिन्याच्या पहिल्या मजल्यावर भाची जमिनीवर बसलीच. म्हटलं पाय मुरगळला की काय. तर ती लाद्या बघत होती! आमच्या चाळीच्या कॉमन पॅसेजला जुन्या रंगीत सिमेंटच्या लाद्या आहेत, मरून, हिरवी नि मोहरीसारखी पिवळी, चार लाद्या जुळल्या की मधे आठ पाकळ्यांचं फूल होतं. आम्ही लहानपणी त्या फुलांवरून लंगडी घालायचो, हिरव्यावर पाय पडला की आऊट. तिनं सांगितलं की ह्या लाद्या भट्टीत भाजत नाहीत, पितळेच्या साच्यात रंगीत सिमेंट हातानं ओततात, प्रेसखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात, रंगाचा थरच मुळात जाड असतो म्हणून इतकी वर्षं पायाखाली घासून पण जात नाही. भारत टाइल्स ही मुंबईचीच कंपनी, १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेनं सुरू झालेली, परदेशी लाद्यांना पर्याय म्हणून. आमच्या लाद्या कुणाच्या ते मला माहीत नाही, उखडून मागचा शिक्का बघायची माझी हिंमत नाही. पण मधे एक लादी फुटली होती तिथे आम्ही पांढरं व्हिट्रिफाइड ठिगळ लावलंय. ते ठिगळ बघून तिनं माझ्याकडे जे बघितलं ना!

आणि मग तिनं विचारलं, मावशी, चाळीची जुनी पाटी कुठे गेली?

आमच्या गेटवर प्लास्टरमध्ये उठावाची अक्षरं होती. चाळीचं नाव, खाली मराठी आकड्यांत १९३१, दोन्ही बाजूला उगवत्या सूर्याचे किरण. तेव्हा मला ते जुनाट वाटायचं, आता कळतंय की तेही आर्ट डेकोच, फक्त ओव्हलवरच्या श्रीमंतांचं नाही, आमच्यासारख्या कारकून लोकांचं. कुण्या गवंड्यानं थापीनं केलेलं असणार, त्याचं नाव कुठेच नाही. ‘श’ची गाठ अशी काही वळवली होती की बास. मी नाटकवेड्या घरातली आहे, आमच्याकडे पेपर आला की बाबा आधी नाटकांच्या जाहिराती बघायचे, आणि कमल शेडगे यांनी काढलेलं नाव असलं की वाचायच्या आधीच कळायचं, नाटक हसवणारं आहे की रडवणारं. अक्षराला चेहरा असतो हे मला तुमच्यासारख्या पेपरांनीच शिकवलं आणि मी आमच्याच गेटवर आंधळी झाले.

नऊ वर्षांपूर्वी रिपेअरिंग निघालं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ताई हे पोपडे आलेत, फोडून टाकतो, ॲक्रिलिकचा मस्त बोर्ड फुकट देतो, रात्री लाइट लागेल. कमिटीत मी खजिनदार. ठरावावर सही माझीच आहे. अर्ध्या तासात छिन्नी-हातोड्यानं सगळं खाली, डेब्रिसच्या गोणीत. ॲक्रिलिकच्या बोर्डातला लाइट दुसऱ्या पावसाळ्यात गेला. आता त्यावर वर्षातले नऊ महिने कुणाचा तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो, त्यामुळे तसा फरक पडत नाही.

आता आजूबाजूला एकेक चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. ती व्हायला पाहिजे, हे मी ठासून सांगते, संडास गॅलरीच्या टोकाला असलेल्या घरात ज्यांनी म्हातारपण काढलंय त्यांना वारसा वगैरे सांगायला जाऊ नका, मार बसेल. पण बिल्डिंग पडायच्या आधी काय होतं बघा. दारं, खिडक्या, कठड्याच्या लोखंडी जाळ्या भंगारवाला वेगळ्या काढतो कारण त्याला भाव आहे, त्या चोरबाजारात नाहीतर तिकडे ओशिवऱ्याला जातात, पॉलिश होतात आणि चौपट किमतीला अँटिक म्हणून विकल्या जातात. तुमच्या फोटोतल्या बांद्र्याच्या कॅफेची ती निळी खिडकी, शपथेवर नाही सांगत, पण आमच्या मागच्या वाडीतली असली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. भाव नाही फक्त दोन गोष्टींना, लादी आणि पाटी. त्या डंपरमध्ये जातात. करारात पार्किंग, कॉर्पस फंड, मॉड्युलर किचन सगळं लिहून घेतो आपण, मग जुन्या गेटवरचं नाव कापून नव्या लॉबीत बसवून द्यायचं आणि पॅसेजच्या शंभरेक लाद्या काढून ठेवायच्या एवढी एक ओळ वकिलाला सांगायला काय जातं? आमच्या सोसायटीत मी हा विषय काढला तर एक गृहस्थ म्हणाले, वहिनी, आधी चावी तर मिळू दे. त्यांचंही चूक नाही. मी पुढच्या मीटिंगला परत काढणार आहे.

तुम्हाला पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच. पाटीचा फोटो असेल म्हणून मी घर पालथं घातलं. चाळीचे फोटो कुणी काढतं का हो? माणसांचे काढतात. पण माणसांच्या मागे चाळ असते. मुंज, लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, नवी स्कूटर, गुढीपाडव्याला नऊवारी नेसलेल्या पोरी, सगळे गेटपाशीच उभे राहायचे. तर तुम्ही रविवारी एक छोटी चौकट सुरू करा, वाचकांना सांगा जुने अल्बम काढा आणि ज्यात मागे बिल्डिंगची पाटी, दुकानाचा हातानं रंगवलेला बोर्ड, लादी असं काही दिसतंय ते फोटो पाठवा. गिरगाव, दादर, लालबाग, परळ, ठाकूरद्वार, ढिगानं येतील, तुम्हाला जागा पुरणार नाही.

सुरुवात मी करते, सोबत भावाच्या लग्नाचा १९८८ चा फोटो जोडलाय. मागे आमची पाटी आहे, साल स्वच्छ वाचता येतं, सूर्याचे किरणही आहेत. नावातली पहिली दोन अक्षरं तेवढी बँडवाल्याच्या फेट्यामागे गेलीत, त्यातच तो ‘श’ होता. त्याच वरातीचा दुसऱ्या बाजूनं काढलेला फोटो कुणाकडे असेल तर कळवा.

आपली,
एक गिरगावकर वाचक, मुंबई ४